आमच्या दारचं मेपल

आमच्या गावात मार्च महिन्यात माणसांचे दोनच प्रकार उरतात. मेपलच्या झाडाचा रस उकळून त्याचं गोड सिरप करणारे, आणि त्यांच्या भट्टीशी उभं राहून जाळ कमी आहे असं सांगणारे. मी अकरा वर्षं तिसऱ्याच प्रकारात होतो. दुकानातून सिरपची बाटली आणायची, पिशवीत पावाखाली लपवायची आणि घरी येऊन खायची. आमच्या व्हरमाँट राज्यात ही काही चारचौघांत सांगण्याजोगी गोष्ट नव्हे, पण आता सांगायलाच बसलोय तर आडपडदा कशाला.

मी मूळचा न्यू जर्सीचा. नाव रसेल पॉलहेमस. बाहेरून आलेल्याला इथे 'सपाटीवाला' म्हणतात. न्यू जर्सीतही टेकड्या आहेत हे पहिली दोन वर्षं मी भेटेल त्याला पटवत होतो. एकदोघांना तर नकाशा काढून दाखवला. माणसं शांतपणे ऐकून घेतात, मान हलवतात आणि पुढच्या भेटीत पुन्हा सपाटीवालाच म्हणतात. त्यात माझं काम दातांच्या विम्याचे दावे तपासण्याचं, तेही घरी बसून. दिवसभर मी परक्या माणसांच्या दाढांचे फोटो बघतो. काम वाईट नाही, पण मुलीने बालवाडीत ऐटीत सांगावं असंही नाही.

ती मुलगी म्हणजे टिली, वय वर्षं साडेपाच. मार्चच्या पहिल्याच आठवड्यात तिच्या थिबोडो बाईंनी एक गुलाबी कागद घरी धाडला. वसंत ऋतूत मुलांना निसर्गाची ओळख व्हावी म्हणून प्रत्येक पालकाने एकेक उपक्रम करून दाखवायचा होता. खाली यादी होती. गांडुळं शोधणे, तळ्यातली बेडकाची अंडी बघणे, पक्ष्यांच्या घरट्यांसाठी लोकरीचे तुकडे टांगणे, चिखलाचा स्वयंपाक करणे, कागदी पेल्यात वाटाणे पेरणे. मी वाटाण्यांपुढे खूण करून मोकळा झालो. वाटाणा उगवला तर श्रेय माझं, नाही उगवला तर दोष वाटाण्याचा, असा सरळ हिशोब होता.

पण टिलीने वर्गात आधीच जाहीर करून टाकलं होतं. झालं होतं असं, की बो लाफाउंटन नावाचा एक मुलगा तिच्या शेजारी बसतो. त्याचं घराणं सहा पिढ्या मेपलमध्ये मुरलेलं. आजोबांकडे दोन हजार झाडं. तो टिलीला म्हणाला, "तुमच्याकडे झाडच नाही. तुझे बाबा सपाटीवाले आहेत." त्यावर टिलीने सांगितलं, की आमच्या दारात सगळ्यात मोठं मेपल आहे, माझे बाबा त्याला रस काढायची तोटी लावणार आहेत, सगळ्यांनी बघायला या. थिबोडो बाईंनी लगेच वहीत लिहून घेतलं.

"तुला येतं ना, बाबा?" टिलीने मला विचारलं. "बो म्हणाला तुला येणार नाही. मी म्हटलं, माझ्या बाबांना येतं."

आता या प्रश्नाला दुसरं काय उत्तर असतं? मी म्हटलं, येतं.

आमच्या दारात, म्हणजे पायवाट आणि रस्ता यांच्या मधल्या पट्टीत, एक भलंमोठं झाड आहे हे खरं. ते मेपल आहे का, हा प्रश्न मला अकरा वर्षांत पडला नव्हता. मार्चमध्ये झाडाला पान नसतं, त्यामुळे बघून कळायची सोय नाही. मी ग्रंथालयातून एक पुस्तिका आणली. तीत स्पष्ट लिहिलं होतं, की मेपलच्या फांद्या समोरासमोर जोडीने फुटतात, बाकी बहुतेक झाडांच्या आळीपाळीने. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून दुर्बिणीतून वर पाहिलं. जोड्याच जोड्या. मला इतका आनंद झाला, की पान उलटायची गरजच वाटली नाही.

हे सगळं शेजारच्या ॲल्मा हिल्ड्रेथ आपल्या ओसरीतून बघत होत्या. त्या त्र्याऐंशी वर्षांच्या, जन्म याच रस्त्यावरचा, आणि सगळी गल्ली त्यांना ॲल्मा आजी म्हणते. इथल्या माणसांची एक रीत आहे. विचारल्याशिवाय सांगायचं नाही, आणि विचारलं तर विचारलं तेवढंच सांगायचं. ही रीत मला तोंडपाठ होती. फक्त तिचा अर्थ अजून कळायचा होता.

"झाड चांगलं आहे ना, आजी?" मी विचारलं.

"चांगलं आहे."

"जुनं असेल."

"माझ्या लग्नाच्या आधीचं."

"तोटी लावायची म्हणतोय."

त्यांनी झाडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, दुर्बिणीकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "बेत दिसतोय खरा," म्हणाल्या.

"भोक किती खोल पाडायचं?"

"दोन इंच," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. एवढ्या जाणत्या बाईचा पाठिंबा मिळाला म्हणून मी खूश झालो.

मग कळलं की पट्टीतली झाडं गावाच्या मालकीची. त्यांना खिळा मारायचा तरी गावच्या वृक्षपालाची परवानगी लागते. आमचे वृक्षपाल म्हणजे ऑरिन पाइक. एकतीस वर्षं बिनविरोध निवडून येतायत. अग्निशमन दलाचे प्रमुखही तेच, आणि कुत्र्यांचे परवानेही तेच देतात. प्रत्येक खात्याची टोपी वेगळी. कचेरी मंगळवार-गुरुवार नऊ ते बारा उघडी असते. मी मंगळवारी गेलो तेव्हा त्यांच्या डोक्यावर कुत्र्यांची टोपी होती. झाडाचं काम आहे म्हटल्यावर त्यांनी ती काढून खुंटीला लावली, हिरवी टोपी घातली आणि मग म्हणाले, "बोला, मिस्टर पॉलहेमस."

अर्ज १९५७ सालचा होता. झाडाचा घेर, भोकाचं कारण, झाडाला सध्या कोणतं जनावर बांधलेलं आहे काय, असेल तर त्याचं वजन. शेजाऱ्याची हरकत नसल्याची सही हवी होती. ती आणायला घरी आलो. ॲल्मा आजींनी अर्ज दोनदा वाचला, मग पेन बदलून सही केली. तोपर्यंत बारा वाजून गेले. गुरुवारी पुन्हा गेलो. ऑरिननी अर्जावरून बोट फिरवत फिरवत 'झाडाची जात' या रकान्यावर थांबवलं.

"मेपल लिहिलंय तुम्ही."

"हो."

"तुम्हीच लिहिलंय."

"मीच लिहिलंय."

त्यांनी हिरवी टोपी जरा सरळ केली. "अर्जदाराने लिहिलं ते कचेरी बदलत नाही," असं म्हणून त्यांनी शिक्का मारला. मला वाटलं, काय शिस्तीचा माणूस आहे.

शाळेचं प्रकरण वेगळंच. भोक पाडायचं यंत्र हे हत्यार ठरतं, म्हणून मुलं सहा फूट लांब हवीत, चौदा मुलांना चौदा संरक्षक चष्मे हवेत, आणि अपघात झाल्यास विम्याचं पत्र हवं. विमा म्हटल्यावर माझी कॉलर ताठ झाली. मी माझ्याच कंपनीला फोन केला. चाळीस मिनिटं 'तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' हे ऐकलं. ते वाक्य मीच दोन वर्षांपूर्वी तपासून दिलं होतं. शेवटी डोलोरेस नावाची सहकारी म्हणाली, "रसेल, एखाद्या पोराचा दात पडला तरच आपण काही करू शकतो." पत्र शेवटी शाळेनेच कुठून तरी मिळवलं.

ठरल्या दिवशी मुलं रांगेने आली. बर्फ वितळायला लागला होता आणि आमच्या दारापुढे चिखलाचं साम्राज्य होतं. दोघांचे गमबूट चिखलात रुतले आणि पाय तेवढे बाहेर आले. त्यांना उचलून ओसरीत बसवलं. मी निसर्गाच्या औदार्यावर चार वाक्यं पाठ केली होती, ती म्हटली. मग यंत्र सुरू केलं. ते एक गिरकी घेऊन बंद पडलं. बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावली होती, फक्त भिंतीवरचं बटण चालू करायचं राहिलं होतं.

ॲल्मा आजी कुंपणापलीकडून आल्या आणि आपल्या दिवंगत नवऱ्याचं हाताने फिरवायचं गिरमिट माझ्या हातात दिलं. ते आधीच तेल लावून, पुसून तयार होतं. ते कशासाठी तयार होतं, हा प्रश्नही मी विचारला नाही. मुलांनी फेरे मोजले. दोन इंच झाले, तोटी ठोकली, बादली टांगली. सगळे श्वास रोखून बघायला लागले.

काहीच झालं नाही. दहा मिनिटं गेली, वीस गेली. मी सांगितलं, की पहाटे थंडी आणि दिवसा ऊन असलं की रस चढतो. पहाटे थंडी होती, आता ऊन होतं, आणि सगळ्या तालुक्यात झाडं टपटपत होती. आमचं झाड सोडून बाकी सगळं माझ्या बाजूने होतं.

"आमच्याकडे लगेच येतं," बो म्हणाला.

"आमचं लाजतंय," टिली म्हणाली. "एवढे जण टक लावून बघतायत म्हणून."

हे मुलांना एकदम पटलं. चौदा मुलांनी झाडाकडे पाठ फिरवली. थिबोडो बाईंनीही फिरवली. मीही. पाच मिनिटं आम्ही सोळा जण रस्त्याकडे तोंड करून मुकाट्याने उभे होतो. तेवढ्यात टपालवाला गेला. त्याने काही विचारलं नाही.

मुलं गेली. शाळा सुटल्यावर टिलीने बादलीत डोकावून पाहिलं. जेवणाआधी दोनदा पाहिलं. "उद्या येईल," ती मला म्हणाली. मीच तिला सांगायला हवं होतं ते तीच मला सांगत होती. बो काय म्हणाला होता ते तिच्या डोक्यातून गेलेलं नव्हतं. माझ्याही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी स्वयंपाकघरात चोरपावलांनी गेलो. मेपलच्या रसात शंभराला दोन भाग साखर असते, असं पुस्तिकेत होतं. मी कामात काटेकोर माणूस आहे. एक लिटर पाणी, वीस ग्रॅम साखर, तराजूवर तोलून. ढवळलं, बाहेर जाऊन बादलीत ओतलं आणि परत अंथरुणात शिरलो. साडेसातला टिलीची आरोळी आली. तिने पेलाभर रस वर्गात नेला. बोनेही बोट बुडवून चाखला म्हणे, आणि मग पुन्हा बुडवलं.

तिसऱ्या दिवशीही मी एक लिटर ओतलं. टिली तीन लिटर घेऊन आत आली.

मी चक्रावलो. चौथ्या दिवशी मुद्दामच काही ओतलं नाही. बादलीत चार लिटर. अशा वेळी माणसाला शंका यायला हवी. मला आली नाही, मला अभिमान आला. झाडाला जाग यायला थोडा वेळ लागला, बाकी काही नाही, असा निष्कर्ष काढून मी साखरेचा डबा जागेवर ठेवला. पुढे रोज पाच, सहा, सात लिटर. एके दिवशी तर बादली भरून सांडली. आम्ही पिंपं भरून मागच्या अंगणात बर्फात पुरून ठेवायला लागलो. बायको मिरियम म्हणाली, छान झालं. ती जन्माने ओहायोची, तिला झाडांतलं काही कळत नाही असं मी तेव्हा धरून चाललो होतो.

त्या दोन आठवड्यांत मी गावच्या दुकानात ज्या गप्पा मारल्या त्या आठवल्या की आजही अंगावर काटा येतो. शेगडीभोवती म्हातारे बसलेले असतात. बोचे आजोबा, क्लेम लाफाउंटन, तिथलेच. त्यांना मी रस कसा चढतो ते समजावून सांगितलं. आमच्या रसाला शेवटी शेवटी वॅनिलाची किंचित चव येते, ती जमिनीचा गुण असावी, असंही सांगितलं.

"रोज किती येतो?" क्लेमनी विचारलं.

"सात लिटर."

"एका तोटीला?"

"एका तोटीला."

क्लेमनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मला वाटलं, आदराने. एका म्हाताऱ्याला एकाएकी गाडीतलं काहीतरी आठवलं आणि तो बाहेर गेला. खिडकीतून त्याचे खांदे हलताना दिसत होते. मला वाटलं, थंडी वाजत असेल.

बाईंनी एप्रिलच्या पहिल्या शुक्रवारी खाऊचा बेत ठरवला. गरम सिरप ताज्या बर्फावर ओतायचं, ते चिकट झालं की काट्याने गुंडाळून खायचं, सोबत डोनट आणि तोंडाची गोडी मोडायला आंबट काकडी. रस उकळून आणायचं काम अर्थात माझ्याकडे. साठ लिटर रस आटवला की दीड लिटर सिरप होतं. उरलेली साडेअठ्ठावन्न लिटर वाफ कुठे जाते, हे मला कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नव्हतं. सगळं गाव अंगणात उकळतं, मी स्वयंपाकघरात चारही शेगड्यांवर पातेली चढवली.

दुपारपर्यंत मला माझा हात दिसेना. मग एक चुरचुर आवाज आला आणि भिंतीवरचा कोंबड्यांच्या चित्रांचा कागद वरून सुटून खाली झुकायला लागला. एक पट्टा छताजवळून सुटला तो सरळ मोठ्या पातेल्यात. मी कोंबडा बाहेर काढतोय तोच धुराची घंटा ठणाणा करायला लागली. खिडकी बर्फाने घट्ट बसलेली, उघडेना. ॲल्मा आजींनी आमच्या दारातून ढग बाहेर पडताना पाहिले आणि फोन लावला. आठ मिनिटांत बंब आला. लाल टोपी घालून ऑरिन पाइक आत आले, सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाले, "आत उकळताय."

"हो," मी म्हटलं. त्यांनी खांदा लावून खिडकी उघडली, बंबवाल्यांना परत पाठवलं आणि स्वतः संध्याकाळपर्यंत थांबून पातेलं ढवळलं. मिरियम दवाखान्यातल्या नोकरीवरून आली, उघड्या पडलेल्या भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाली, कोंबडे तिला पहिल्या दिवसापासून आवडले नव्हते.

शुक्रवारचा बेत मात्र झकास झाला. सिरप जरा फिकट होतं, पण बोने तीनदा मागून घेतलं. टिली त्याच्या शेजारी बसली होती. ती नुसती काकडी खात होती, पण तिचा चेहरा असा फुलला होता की मला भिंत, बंब, सगळं विसरायला झालं. एप्रिलभर मी गावात ताठ मानेने फिरलो.

मग मे आला, आणि बाईंचा दुसरा गुलाबी कागद. पानावर कागद ठेवून वरून खडू घासायचा, म्हणजे शिरांसकट पान उमटतं, असा उपक्रम होता. स्थळ, टिलीचं मेपल. दिवस, येता गुरुवार. सोमवारी सकाळी मी कौतुकाने वर पाहिलं. झाडाला पालवी फुटली होती. मेपलचं पान पंजासारखं असतं, सिरपच्या प्रत्येक बाटलीवर छापलेलं असतं, ते बाळालाही कळतं. आमच्या झाडाला एकेका देठावर सात-सात लांबट पानं होती, पिसासारखी.

मी घरात धावलो. पुस्तिका अजून परत केली नव्हती. तेच पान काढलं, आणि या वेळी उलटलं. 'ॲशच्या झाडालाही हीच खूण असते,' असं पहिल्याच ओळीत होतं. 'ॲशला तोटी लावून उपयोग नाही.'

दोन लिटरचा खुलासा माझ्याजवळ होता. उरलेलं कुठून आलं? मिरियम कपड्यांच्या घड्या घालत होती. तिला विचारलं. "पहिल्या दिवशी संध्याकाळी टिलीचं तोंड बघवलं नाही मला," ती म्हणाली. "मी सहाला उठून साखरपाणी ओतायचे. मला काय माहीत तू साडेपाचला उठतोस." वॅनिलाची चव जमिनीतून आली नव्हती. मिरियम साखरेच्या ज्या डब्यात वॅनिलाची शेंग ठेवते, त्यातून आली होती.

मी कुंपणाशी गेलो. अकरा वर्षांत पहिल्यांदा नीट प्रश्न विचारला. "ॲल्मा आजी, आमच्या बादलीत तुम्ही काही ओतत होतात?"

"ओतत होते."

"काय?"

"रस. क्लेमकडचा. तो रोज एक कॅन ओसरीत ठेवून जायचा."

आपण जमिनीत गडप व्हावं असं माणसाला वाटतं म्हणतात, ते मला त्या वेळी शब्दशः वाटलं. क्लेमला मी रस कसा चढतो ते समजावलं होतं, तेही दोनदा.

मंगळवारी सकाळी कचेरीत गेलो. ऑरिननी मला बघून टोपी बदलायला हात वर नेला, मग तसाच खाली घेतला आणि बोडक्याच डोक्याने बसून राहिले.

"तुम्हीसुद्धा?" मी विचारलं.

"सातला तुमच्या घरावरूनच जातो," ते म्हणाले. "भाचीकडे झाडं आहेत. दोन लिटर आणायचो."

"ते मेपल नाही, हे तुम्हाला पहिल्याच दिवशी माहीत होतं."

"होतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"विचारलं नाहीत."

मला राग आला. खरंच आला. सगळ्या गावाने मिळून माझा पोपट केला होता, आणि तोही इतक्या मायेने की कुणाला बोल लावायचीही सोय नव्हती. मी म्हटलं, माझं काय व्हायचं ते झालं, पण गुरुवारी चौदा मुलं येणार आहेत, आणि बो लाफाउंटनला पान ओळखता येतं. टिलीने सगळ्यांसमोर सांगितलं होतं की माझ्या बाबांना येतं. "तिला मी काय सांगू?"

ऑरिननी टेबलावरचा शिक्का उचलून पुन्हा होता तिथे ठेवला. "अरे रसेल," ते म्हणाले, "जे झाड आहे ते सांग." एवढ्या वर्षांत त्यांनी मला आडनाव सोडून हाक मारली ती ही पहिली.

उरलेला मंगळवार मी पळवाटा शोधण्यात घालवला. जंगलातून मेपलच्या डहाळ्या आणून दोऱ्याने बांधाव्यात, असाही विचार केला. शिडीही काढली. शिडीवर तीन पायऱ्या चढल्यावर मला माझीच लाज वाटली आणि उतरलो. बुधवारी संध्याकाळी टिलीला घेऊन ओसरीच्या पायरीवर बसलो.

"टिली, हे मेपल नाही. ॲश आहे. याला रस येत नाही."

"आला होता," ती म्हणाली.

"तो मी ओतला होता. साखरेचं पाणी. मला येत नव्हतं, टिली. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो."

तिचा खालचा ओठ बाहेर आला, आणि मला वाटलं, आता संपलं. "सगळा तूच ओतलास?" तिने विचारलं. मी खरं ते सांगितलं. आई, ॲल्मा आजी, ऑरिन आजोबा, आणि बोच्या आजोबांकडचा कॅन. तिने एकेक बोट दुमडलं. मग उठून झाडाशी गेली, खोडावरच्या भोकात करंगळी घालून बघितली आणि न बोलता आत निघून गेली. गुरुवारी सकाळी दूध प्यायली तेव्हाही माझ्याशी बोलली नाही. मुलीच्या नजरेतून उतरलेल्या बापाला दाढांचे फोटोसुद्धा गोड लागत नाहीत.

दहा वाजता मुलं आली, कागद आणि खडू घेऊन. बोने वर बघितलं मात्र आणि खडू खाली ठेवला.

"हे ॲश आहे," तो म्हणाला. "ॲशला रस नसतो. तुझ्या बाबांना काही येत नाही."

थिबोडो बाई पुढे झाल्या, पण त्याआधी टिली बोलली.

"नाही येत," ती म्हणाली. "त्यांना माहीतच नव्हतं. म्हणून ते पहाटे उठून ओतायचे. मग आई ओतायची, मग ॲल्मा आजी, मग ऑरिन आजोबा. कुणी कुणाला सांगितलं नाही." तिने एक दम घेतला. "तुमच्या बादलीत नुसतं झाड ओततं. आमच्या बादलीत सगळ्यांनी ओतलं."

बो विचारात पडला. त्याने फांदीकडे पाहिलं, भोकाकडे पाहिलं.

"आमच्याकडचा पण होता त्यात?" त्याने विचारलं.

"तुझ्या आजोबांचाच जास्त होता," टिली म्हणाली.

बोने मान हलवली. मग ॲशचं एक पान उचलून तिच्या कागदाखाली नीट पसरलं, कुणालाच हात लावू देत नाही तो आपला हिरवा खडू मोडला आणि अर्धा तिला दिला.